जुनी जर्मन रायफल, आत दुसरीच नळी: रायफल कुठली आणि काडतूस कुठलं हे कसं शोधायचं

हा प्रॉब्लेम फिरून फिरून येतो म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. कुणाच्या तरी हातात जुनी जर्मन रायफल येते, बहुतेक वेळा सिंगल शॉट, अक्रोडाचा कुंदा, बाजूला हरणांचं नक्षीकाम, खाली मुकुट आणि अक्षरं ठोकलेली, आणि नळीच्या तोंडात बघितलं तर भोक भलतंच बारीक. शिक्के म्हणतात आठ मिलिमीटर, विकणारा म्हणतो 'पॉइंट टू टू हॉर्नेट आहे', मित्र म्हणतो 'साधी पॉइंट टू टू घाल की, चालतंय', आणि घातली की केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) उभी फाटते, किंवा एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस ओढून काढणारा तुकडा) नुसताच घसरतो आणि रिकामी केस काडीने ढकलून काढावी लागते. मग फोटो पाठवतात आणि विचारतात, कुठली आहे हो ही आणि काय लागतं हिला.

सगळ्यात आधी, उत्तर मिळेपर्यंत तिच्यात काहीही घालून उडवायचं नाही. 'बसतंय म्हणजे चालतंय' हा हिशोब इथे लागू नाही, बारीक काडतूस मोठ्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) आरामात बसतं आणि गडबड तिथेच असते. चेहऱ्याजवळ केस फाटली तर गरम गॅस मागे डोळ्याकडे येतो. चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने बघा, बोटाने चाचपा, मगच पुढचं.

बहुतेक गोंधळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारल्यामुळे. रायफल कुठली, कधीची, कुणाची हे बाहेरचं लोखंड सांगतं. काडतूस कुठलं हे फक्त आतलं भोक सांगतं. रिलाइन केलेल्या रायफलीत या दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नसतो, कारण बाहेरचं काम १९१०-३० च्या सुमाराला जर्मनीतल्या सूल गावच्या कारागिराने केलेलं असतं आणि आतलं भोक वीस-तीस वर्षांनी भलत्याच देशात भलत्याच माणसाने पाडलेलं असतं. पत्रिका एकाची आणि नवरदेव दुसराच, असला प्रकार. तरी लोक शिक्के वाचून काडतूस मागवतात.

रिलाइन म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जुनी खराब झालेली नळी आतून ड्रिल करून मोठी करतात, तिच्यात रायफलिंग (गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा) असलेली पातळ नवी ट्यूब, म्हणजे लायनर, सरकवतात, ती डाख देऊन किंवा हल्ली लॉकटाइट-इपॉक्सीने पक्की करतात आणि मग तिच्यात नवं चेंबर कापतात. बाहेरून रायफल जशीच्या तशी दिसते. जर्मन टार्गेट रायफलींचं हे इतकं का झालं त्यालाही कारण आहे. या रायफली बहुतेक ८.१५ × ४६ आर या काडतुसाच्या, जर्मन नेमबाजी क्लबांचं हे लाडकं काडतूस, शिशाची गोळी, कमी प्रेशर, १७५ मीटरवर उभं राहून नेम. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन फौजा थुरिंगियात शिरल्या, सूल आणि त्सेला-मेलिस ही बंदुकांची गावं तिथलीच, लोकांना घरातली शस्त्रं जमा करायला लावली, आणि जुलैच्या सुरुवातीला तो भाग रशियनांच्या ताब्यात जाईपर्यंत कितीतरी सैनिकांनी आवडलेल्या रायफली उचलून घरी पाठवल्या. अमेरिकेत आल्यावर काडतूस मिळेना. मग गावातल्या गनस्मिथने पॉइंट टू टूचं लायनर घातलं आणि रायफल परत कामाला लागली. तिकडे ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलचा हाच धंदा होता, त्यांच्या नळीवर 'पार्कर-रायफल्ड' असं ठोकलेलं असतं आणि ते दिसलं तर अर्धं काम तिथेच झालं.

आता नळी खरंच रिलाइन आहे का ते बघू. तोंडाशी भिंग आणि टॉर्च घेऊन बघा, दोन लोखंडांच्या मध्ये केसासारखी गोल रेघ दिसते. दिसली नाही म्हणजे लायनर नाही असं नाही, चांगला कारागीर लायनर तोंडाच्या दोन-तीन मिलिमीटर आत थांबवतो आणि वरची जुनी नळी तशीच ठेवतो, मग समोरून काहीच कळत नाही. अशा वेळी मागच्या बाजूने बघायचं, ब्रीच (नळीचं मागचं, काडतूस घालायचं तोंड) उघडून चेंबरच्या तोंडाभोवती. तिथली रेघ लपवणं अवघड असतं. दोन स्टीलचा रंगही थोडा वेगळा असतो, कोल्ड ब्लूचा (लोखंड काळं करणाऱ्या द्रवाचा) एक थेंब कापसाने पुसला की एक गडद होतं, एक फिकं राहतं. या रेघेचा व्यास व्हर्नियरने मोजून ठेवा, त्याचा पुढे मोठा उपयोग आहे. पॉइंट टू टूची बरीच लायनर बाहेरून ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर असतात.

आता चेंबर. यात अंदाज, फोटो, 'माझ्या काकांच्या रायफलीत हे चालायचं' यातलं काही धरू नका. चेंबरचा साचा काढायचा, बस. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, बिस्मथ, शिसं, कथील आणि कॅडमियमचा, साधारण ७० ते ८८ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे उकळत्या पाण्यात ठेवलेल्या वाटीतही काम होतं. कॅडमियम आणि शिसं आहे म्हणून स्वयंपाकघरातली भांडी वापरायची नाहीत, खिडकी उघडी, हातमोजे, आणि थेट ज्योत तर अजिबात नको. चेंबर स्वच्छ करून तेल पुसून कोरडं करा, चेंबरच्या थोडं पुढे नळीत कापसाचा बोळा घट्ट बसवा म्हणजे साच्यात रायफलिंगचाही अर्धा-पाऊण इंच येईल, नळी हलकी कोमट करा आणि एका दमात ओता. गोठला की अर्ध्या तासाच्या आतच पुढून रॉडने हळूच ढकलून काढा, कारण पहिला अर्धा तास तो आकसतो आणि सुटतो, नंतर फुगायला लागतो. मोजायचं मात्र ओतल्यापासून साधारण एका तासाने, त्या वेळी त्याचं माप चेंबरच्या मापाला बरोबर येतं. दुसऱ्या आठवड्यात मोजलंत तर २०० तासांत तो दर इंचामागे अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फुगलेला असतो आणि तुम्ही मग वेगळंच काडतूस शोधत बसाल. ज्या माणसाने कधी मायक्रोमीटर धरलेला नाही त्याने हे काम सरळ गनस्मिथला द्यावं, त्यात कमीपणा काही नाही.

साच्यावर काय काय मोजायचं: मागचा रिमचा (केसच्या बुडाच्या कडेचा) व्यास, रिमची जाडी, रिमच्या लगेच पुढचा व्यास, खांदा (केस पुढे अरुंद होते तो भाग) असला तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा व्यास, केस जिथे संपते तिथपर्यंतची लांबी, आणि पुढे खाचांचा व्यास. खाचांची संख्या विषम असली, पाच किंवा सात, तर साध्या मायक्रोमीटरने माप चुकतं, त्याला व्ही आकाराच्या अ‍ॅन्व्हिलचा लागतो. रायफलिंगचा पीळही बघा. रॉडवर घट्ट कापड गुंडाळून ढकला, रॉड मोकळा फिरू द्या आणि एक पूर्ण फेरा किती इंचात होतो ते मोजा. पॉइंट टू टू लाँग रायफलला १६ इंचात एक फेरा हे नेहमीचं आहे, पण जुन्या हॉर्नेटलाही तेवढाच असतो, म्हणून नुसत्या पिळावरून निकाल द्यायचा नाही, पीळ फक्त साक्षीदार.

आकडे बघा, बारीक फरक असतात पण सगळा खेळ त्यातच आहे. पॉइंट टू टू लाँग रायफलची केस मागे ५.७४ मिलिमीटर, रिम ७.०६. पॉइंट टू टू डब्ल्यूआरएफ, म्हणजे विंचेस्टरचं १८९० चं जुनं रिमफायर (पिन बुडाच्या कडेवर आपटते ते), मागे साधारण ६.१५, लांबी साडेचोवीसच्या आसपास. पॉइंट टू टू मॅग्नम, १९५९ चं, त्याचीही जाडी तेवढीच पण लांबी २६.८. हॉर्नेट मागे ७.५९, रिम ८.८९, आणि ते सेंटरफायर (पिन बुडाच्या मधोमध आपटते), वर खांदा. आता समजलं ना केस का फाटते? सहा पॉइंट पंधराच्या चेंबरमध्ये पाच पॉइंट चौऱ्याहत्तरची केस घातली की तिला फुगायला सगळीकडून जागा मिळते, पितळ तेवढं ताणत नाही आणि उभी चीर पडते. बसताना मात्र अगदी छान बसते.

हॉर्नेटचा दावा तपासायला तर साचाही लागत नाही, ती मघाशी मोजलेली रेघ पुरते. लायनर ७.९४ आणि हॉर्नेटची केस मागे ७.५९, म्हणजे दोन्ही बाजूला मिळून ०.३५, एका बाजूला जेमतेम ०.१७ मिलिमीटर भिंत उरली, कागदापेक्षा थोडी जास्त. आणि रिम तर लायनरपेक्षाही मोठी. म्हणजे ब्रीचशी रेघ ७.९४ ची दिसत असेल आणि कुणी हॉर्नेट म्हणत असेल तर एकतर तो खोटं बोलतोय, किंवा कुणीतरी खरंच तसं कापून ठेवलंय आणि प्रेशर सगळं डाखावर आणि जुन्या नळीवर येतंय. दोन्हीत ती रायफल भिंतीवरच शोभते. हॉर्नेटसाठी मागच्या बाजूला जाड लायनरच लागतं. आणखी एक भानगड, जर्मनीतच बदललेली नळी असेल तर ५.६ × ३५ आर फियरलिंग हे काडतूस निघू शकतं, मापाने ते हॉर्नेटचं जुळं भावंडच म्हणा, पण जुन्या फियरलिंगचं प्रेशर कमी धरलेलं असायचं आणि आजचं हॉर्नेट जास्त गरम, म्हणून 'मापं जुळली' एवढ्यावर डब्यातलं हॉर्नेट घालायचं नाही.

रिमफायर की सेंटरफायर हे ब्लॉकवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या लोखंडी ठोकळ्यावर) बघा. मूळ रायफल सेंटरफायर असते, म्हणजे फायरिंग पिनचं भोक चेंबरच्या बरोबर मध्यावर. पॉइंट टू टूसाठी पिन कडेला न्यावी लागते. ब्लॉकच्या तोंडावर जुनं भोक बुजवलेली गोल बुच दिसते आणि जरा वर किंवा खाली नवं बारीक भोक. ही बुच मला फार आवडते, कारण ती दोन्ही गोष्टी एकदम सांगते, आधी काय होतं आणि नंतर काय केलं. एक्स्ट्रॅक्टरही तसाच, मूळ काडतुसाच्या रिमला बसणारा मोठा गोल काप तिथे असतो आणि त्यात पितळेचा किंवा स्टीलचा तुकडा चांदीच्या डाखाने बसवून बारीक केलेला असतो. त्या मूळ कापाची गोलाई मोजली तर जुन्या रिमचा अंदाज येतो, बारा-साडेबारा मिलिमीटरच्या आसपास आली की ८.१५ × ४६ आर पहिला संशयित. आणि एक्स्ट्रॅक्टर घसरण्याचं कारणही बहुतेक हाच तुकडा असतो, झिजलेला किंवा डाख सुटलेला. त्यासाठी चेंबर बदलायची गरज नाही, तुकडा बदला.

आता रायफल कुठली. पुढचं लाकूड काढा, सगळी गोष्ट नळीच्या खाली लिहिलेली असते. जर्मनीचा प्रूफ कायदा (प्रूफ म्हणजे जास्त दाबाची दारू उडवून केलेली सरकारी चाचणी) मे १८९१ चा, अमलात आला १ एप्रिल १८९३ ला. त्याच्यापासून १९४० पर्यंतच्या नळीवर मुकुटाखाली अक्षर असे शिक्के. मुकुटाखाली बी म्हणजे प्रूफ झालं, यू म्हणजे प्रूफनंतर तपासली, जी म्हणजे रायफल्ड नळी, एन म्हणजे नायट्रो (बिनधुराच्या) पावडरने प्रूफ. मुकुटाखाली व्ही असेल तर कायदा आला तेव्हा ती आधीच तयार माल म्हणून पडून होती, म्हणजे रायफल १८९३ च्या आधीची, हा शिक्का मिळाला तर नशीबवान आहात. मुकुटाखाली एस म्हणजे छर्ऱ्याची नळी, तो बघून बरेच जण 'एस बोअर, म्हणजे ८ × ५७ आयएस' म्हणून मोकळे होतात, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. १९३९ चा नवा कायदा १ एप्रिल १९४० पासून लागू, तिथून मुकुट गेला आणि गरुड आला.

आपल्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाचा शिक्का मात्र मुकुटाखाली आर, आणि १९४० नंतर गरुडाखाली जे. दोन्हीचा अर्थ दुरुस्तीनंतर पुन्हा प्रूफ केलेली. हा असला तर बदल जर्मनीतच, सरकारी तपासणीतून झालाय आणि जवळपास नवं काडतूसही लिहिलेलं सापडायची शक्यता आहे. पॉइंट टू टू असेल तर '५,६ एमएम एलएफबी' असं दिसेल, ते म्हणजे लाँग रायफलच. लायनर आहे आणि दुरुस्तीचा शिक्का नाही, म्हणजे बदल बहुधा जर्मनीबाहेर झाला. अमेरिकेत सरकारी प्रूफची सक्तीच नाही, म्हणून तिथला गनस्मिथ काहीच ठोकत नाही, फार तर एखादं आद्याक्षर. ब्रिटनमधून गेली असेल तर मुकुट आणि बीएनपी हा बर्मिंगहॅमचा नायट्रो प्रूफ दिसेल, आणि १९२५ ते ५५ च्या दरम्यान तिथे प्रूफ झालेल्या परदेशी बंदुकीवर 'नॉट इंग्लिश मेक' असं चक्क लिहिलेलं असतं.

मग आकडे. इथे लोक हमखास आपटतात. १९१२ च्या आधीच्या नळीवर १७२.२८ किंवा ११८.३५ असा विचित्र आकडा असतो, तो सिरीयल नंबर नाही आणि मॉडेलही नाही. तो गेजमधला बोअरचा व्यास, शॉटगनच्या १२ बोअरसारखाच हिशोब. १७२.२८ म्हणजे ०.३०० इंच, १५६.१४ म्हणजे ०.३१०, १४१.९५ म्हणजे ०.३२०, ११८.३५ म्हणजे ०.३४०, १०८.४९ म्हणजे ०.३५०. तेही गोळीचं माप नाही, खाचांचं तर नाहीच. खाचांमधल्या उंचवट्यांच्या मधून जो प्लग गेला आणि त्याच्या पुढचा मोठा प्लग गेला नाही, तो आकडा. म्हणून १७२.२८ बघून 'अरे ही थर्टी कॅलिबर' म्हणू नका, जुनी ८ × ५७ आय असते, तिचा उंचवट्यांमधला व्यास ७.८० मिलिमीटर, त्यातून ०.३०० चा प्लग जातो, ०.३१० चा अडकतो. १९१२ नंतर सरळ मिलिमीटरमध्ये लिहायला लागले आणि सोबत केसची लांबी, ७,८ आणि ५७ असं, किंवा टार्गेट रायफलवर ४६ चा आकडा, कधी साडेसेहेचाळीस. स्वल्पविराम हा त्यांचा दशांश चिन्हाचा प्रकार, तो वाचताना घोळ घालू नका. '२,७५ जी जीबीपी' आणि 'एसटी एम जी' अशा ओळी म्हणजे प्रूफची पावडर किती ग्रॅम आणि गोळी स्टीलच्या जॅकेटची, एवढंच.

तारीख बऱ्याच वेळा साधी असते, १०.२७ म्हणजे ऑक्टोबर १९२७. १९५२ नंतर पश्चिम जर्मनीत प्रूफ झाली असेल तर वर्ष अक्षरांत, ए म्हणजे शून्य, बी एक, असं करत आय आठ आणि के नऊ, जे गाळलेलं. उल्म गावच्या प्रूफचा शिक्का हरणाच्या शिंगाचा.

आता नाव. क्रुप दिसलं म्हणून ती क्रुपची रायफल होत नाही, क्रुपने फक्त नळीचं स्टील पुरवलं, 'क्रुप एसेन' हे स्टीलवाल्याचं नाव. बोलर असेल तर तेही तसंच, ऑस्ट्रियन स्टील. डीआरजीएम म्हणजे कंपनी नाही, नोंदणी केलेल्या डिझाइनची खूण, डीआरपी म्हणजे पेटंट. वरच्या पट्टीवर म्युनिक किंवा बर्लिनच्या माणसाचं सोन्याच्या अक्षरात नाव असेल तर तो बहुतेक वेळा दुकानदार, बनवणारा सूलमधला. सूलमध्ये कामाची पद्धतच अशी होती की नळी एकाची, अ‍ॅक्शन (उघडबंद व्हायची यंत्रणा) दुसऱ्याची, लाकूड तिसऱ्याचं, नक्षी चौथ्याची, आणि विकणारा पाचवा. म्हणून मी तर 'मेकर कोण' यावर फार रात्री जाळत नाही. नळीखालची आद्याक्षरं, अ‍ॅक्शनचा प्रकार, प्रूफचा महिना एवढं मिळालं तरी भरपूर. अ‍ॅक्शन मात्र बघा: ट्रिगर गार्डचा लिव्हर खाली ओढला की ब्लॉक झोके खात खाली जाणारी आयड्ट असते, १८८४ चं पेटंट, सूलच्या हेनेलने बनवलेली. मागे बिजागरीवर ब्लॉक झुकणारी मार्टिनी. बोल्टवाली आणि माउझर ९८ सारखी, पण एका गोळीची, ती वेअरमान्सगेवेर, तीही ८.१५ × ४६ आरमध्येच.

एका ओळखीच्या माणसाची रायफल डोळ्यासमोर ठेवून हे सगळं लिहिलंय. पेनसिल्व्हेनियात गन शोमध्ये घेतलेली, आयड्ट अ‍ॅक्शन, पट्टीवर म्युनिकचं नाव, खाली क्रुप, मुकुटवाले बी, यू आणि जी, दुरुस्तीचा शिक्का नाही, विकणाऱ्याने चिठ्ठी लावलेली 'म्युनिक मेड हॉर्नेट'. लाँग रायफल घातली की प्रत्येक केस फाटायची. लाकूड काढल्यावर ४६ चा आकडा आणि १९२० च्या दशकातली तारीख. ब्लॉकवर बुच, शेजारी कडेला पिनचं भोक, म्हणजे रिमफायर, हॉर्नेट तिथेच संपलं. ब्रीचशी रेघ ७.९४ ची. साचा निघाला तो सरळ, खांदा नाही, मागे ६.१६, केसची जागा साडेचोवीसच्या जरा पुढे. डब्ल्यूआरएफ. चेंबरची भिंत ०.९ मिलिमीटरच्या आसपास, रिमफायरला ठीक. मॅग्नम तिच्यात पूर्ण बसतच नाही, दोन मिलिमीटर बाहेर राहतं, म्हणून ज्याने चेंबर कापलं त्याने बहुधा १९५९ च्या आधीच कापलं. सगळं जुळलं: थुरिंगियात बनलेली, म्युनिकच्या दुकानातून विकली गेलेली ८.१५ × ४६ आर, युद्धानंतर अमेरिकेत रिलाइन. मॅग्नम ठोकून बसवायचं नाही हे त्याला दोनदा बजावलं.

चेंबर लांबवलेल्या रायफलींचं वेगळंच. पहिल्या महायुद्धानंतर ८ × ५७ हे लष्करी काडतूस म्हणून अडचणीचं झालं तेव्हा जर्मनीत बऱ्याच शिकारी रायफलींचं चेंबर तीन मिलिमीटर वाढवून ८ × ६० केलं गेलं. नळी तीच, लायनर नाही, शिक्के ५७ चे, साचा ६० चा. आणि ७२ आणि ७४ मध्ये तर गफलत करूच नका. ९.३ × ७२ आर जुन्या काळ्या दारूच्या घराण्यातलं, कमाल प्रेशर २००० बार, ९.३ × ७४ आरचं ३४०० बार. आकड्यात दोनाचा फरक आणि प्रेशर जवळपास पावणेदोन पट.

भारतात, म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडे किंवा गोव्यात आजोबांच्या लायसन्सवरची जर्मन रायफल घरात असलेले लोकही विचारतात, त्यांच्यासाठी. एक, ८ एमएम म्हणून काडतूस मागू नका. आपल्याकडे ईशापूर फॅक्टरीची पॉइंट ३१५ चालते, ती ८ × ५० आर मान्लिखर, तिलाही लोक ८ एमएमच म्हणतात, आणि जर्मन ८ × ५७ म्हणजे पूर्ण वेगळं काडतूस. दोन, लायसन्सवर जे बोअर लिहिलंय ते आतल्या भोकाशी जुळतं का ते बघा, जुळत नसेल तर गपचूप राहू नका, लायसन्स देणाऱ्या ऑफिसात लेखी कळवा. तीन, गल्लीतल्या लेथवाल्याकडून नळीला हात लावून घेऊ नका, १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्ती आणि बदल दोन्ही लायसन्स असलेल्यानेच करायचे, आणि कलम ८ प्रमाणे नंबर किंवा खूण घासणं हा गुन्हा आहे. गंज काढताना एमरी पेपर मारून शिक्केच घालवणारे पाहिलेत मी. नुसतं तेल आणि मऊ कापड वापरा, शिक्क्यावर खडू घासला की अक्षरं वाचता येतात.

काडतूस कळल्यावरही लायनर सुटलेलं नाही ना ते बघायचं राहतंच. घट्ट बसणारा पितळी ब्रश पुढे-मागे फिरवा, तोंडाशी रेघेतून तेल झिरपतंय का, लायनर फिरतंय का. नेम पहिल्या चार गोळ्या एका जागी आणि नळी तापली की भलतीकडे, हेही सुटलेल्या लायनरचंच लक्षण. डाखवाली नळी हॉट ब्लूला कधीच द्यायची नाही, ते कॉस्टिक मीठ डाख खातं आणि आत शिरून वर्षानुवर्षं गंज काढत बसतं, ब्लू करायचंच असेल तर रस्ट ब्लू. आणि चेंबरचं नाव एकदा पक्कं झालं की एका कार्डावर काडतूस, साच्याची मापं आणि 'याशिवाय दुसरं काही नको' असं लिहून कार्ड ट्रिगर गार्डला बांधून टाका, नळीवर नवीन काही ठोकू नका, पुढच्या माणसाला जुने शिक्केच वाचायचे असतात.